तसबिरीतलं वतन

ते पत्र येऊन आठ महिने झाले होते, आणि गुरुलिंग मास्तरांनी मनातल्या मनात त्याचं उत्तर लिहिलं नाही असा या आठ महिन्यांत एकही दिवस गेला नव्हता. मनातलं उत्तर सकाळी बरं वाटायचं. दुपारपर्यंत त्यात खोट दिसायला लागायची. संध्याकाळी दौत उघडायची वेळ आली की मास्तर एखादं पुस्तक काढून बसत आणि पानं उलटत राहत.

पत्र त्यांनी आपल्या कोशाच्या वहीत ठेवलं होतं. मराठीत आलेले फारसी आणि अरबी शब्द गोळा करायचा नाद त्यांना बावीस वर्षांपासून होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर दुसरं काम उरलं नव्हतं. नळदुर्गात या वहीला कुणी विचारत नव्हतं आणि मास्तरांनीही ती कुणाला दाखवली नव्हती. कोण जाणे, अर्धे अर्थ चुकीचे असायचे! धाकटी बहीण शांताक्का विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती. ती वहीला 'अण्णांची सवत' म्हणे. मास्तरांची बायको जाऊन दहा वर्षं झाली होती, पण शांताक्काला तेवढा विनोद चालत असे.

पत्र मुनवर चाऊसचं होतं.

मुनवर म्हणजे नळदुर्गातला गॅसबत्तीवाला. त्याचे आजोबा निजामाच्या अरब पलटणीत भरती होऊन समुद्रापलीकडून, अरबस्तानातल्या मकल्ला बंदरातून आले, खजिन्याच्या पहाऱ्यावर नळदुर्गात राहिले आणि इथल्याच मुलीशी निकाह लावून इथलेच झाले. अशा घरांना आपल्याकडं चाऊस म्हणतात. मुनवरनं समुद्र कधी पाहिला नव्हता. त्याला अरबीतलं नमाजापुरतं येत होतं, तेही चुकतमाकत. लिंगायताचं लग्न असो की मुसलमानाचा निकाह, वरातीत बत्ती मुनवरची. दुपारी दुकानात बसून तो बत्त्यांच्या जाळ्या बदलायचा, आणि मास्तर शेजारच्या बाकावर बसून त्याच्या तोंडचे शब्द टिपायचे.

"मास्तर, माझ्या बत्तीचा शब्द घातला का तुमच्या वहीत?"

"फारसी असेल तर घालीन."

"बत्तीला फारसी लागत न्हाय मास्तर, रॉकेल लागतं."

यावर मुनवर स्वतःच मोठ्यानं हसायचा. मास्तरांना दोस्त असा तेवढा एकच होता.

त्याच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर एक तसबीर होती. साठ-सत्तर वर्षांमागचा फोटो, चहासारखा तपकिरी पडलेला. दोन उघडेबोडके काळे खडक, दोन्हींच्या माथ्यावर किल्ले, मधे बंदर. खडकांवर गवताचं पातं नाही. बंदरात दोन-तीन गलबतं उभी. समुद्राला लाट म्हणून नव्हती. त्या काळी फोटोवाला इतका वेळ काच उघडी ठेवायचा की सगळ्या लाटा एकात एक मिसळून पाणी दुधावरल्या सायीसारखं दिसायचं. माणसंही तशीच पुसली गेलेली. एका बुरुजावर मात्र तिळाएवढा काळा डाग होता. मुनवर त्यावर बोट ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हे आमचे आजोबा. पहाऱ्यावर हायत. आमच्या मकल्ल्याचं बंदर हे. येताना आजोबांनी गावच काखोटीला मारून आणलं."

एकदा वावटळीत तसबीर पडली आणि काच फुटली. कागदाचं काम म्हणून मुनवरनं ती मास्तरांकडं आणली. मास्तरांनी चौकट उकलली, फोटो जपून बाहेर काढला, आणि खालच्या कोपऱ्यात, चौकटीच्या पट्टीखाली झाकली जाणारी बारीक पांढरी इंग्रजी अक्षरं त्यांना दिसली. काचेवर सुईनं कोरल्यासारखी. एक आकडा, आणि पुढं 'मस्कत'.

मकल्ला नव्हे. मस्कत.

"मुनवर, तुमचं गाव मकल्लाच ना?" मास्तरांनी चाचरत विचारलं होतं.

"मग! ह्या बुरुजावर उभं राहायचे आजोबा."

मास्तरांनी नवी काच बसवली, पट्टी ठोकली आणि अक्षरं पुन्हा आत गेली. मुनवरच्या आजाला मुंबईत उतरल्यावर कुणी तरी हा फोटो विकला असावा. घराची आठवण आली असेल, दोन खडक आणि समुद्र दिसला असेल, त्यानं घेतला असेल. आता नातवाला सांगून काय मिळवायचं? आणि आपल्यालाच नीट वाचता आलं नसेल तर? या शेवटच्या शंकेनं मास्तरांची नेहमीच सोय होत असे.

पुढं अठ्ठेचाळीस साल आलं. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. कोण इथला आणि कोण परमुलखातला याची चौकशी सुरू झाली. अरबांच्या घरांची तर विशेषच. चावडीत एक साहेब येऊन बसला. उत्तरेकडचा होता, हिंदुस्थानी बोलायचा. फॉर्म मात्र जुन्या सरकारचेच उर्दूतले शिल्लक होते, म्हणून ते भरायला गुरुलिंग मास्तरांना बोलावलं. गावात वळणदार उर्दू लिहिणारा आणि कुणाच्या अध्यात-मध्यात नसणारा माणूस तोच.

मुनवरची पाळी आली. नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, पेशा लिहिला. साहेबानं विचारलं, "वतन?"

मुनवर हसला. सकाळपासून चावडीत सगळे धास्तावलेले, तेवढाच एक हसणारा. "वतन? अजी साब, हमको यहाँ कायका वतन? वतन तो पाटील लोगां का, कुलकर्णी लोगां का. हमारा जो कुछ वतन था, वो उधर मकल्ले में. घर में तस्वीर है, आके देखो."

भिंतीला टेकून बसलेले दोघं-तिघं गावकरी खुदकन हसले. त्यांना कळलं होतं. साहेबाला कळलं नव्हतं. त्याच्या उर्दूत वतन म्हणजे जन्मभूमी. आपल्याकडं वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्णीपण, वंशपरंपरेची जमीन आणि हक्क. पाटलाशी मुनवरचं गमतीचं वैर होतं, त्यालाच तो टोमणा होता.

मास्तरांचा टाक थांबला. सगळ्या तालुक्यात एकाच माणसाच्या वहीत या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाखाली एक लिहिलेले होते. त्यांनी मान वर केली. साहेबाच्या कपाळाला आठी होती, बाहेर रांग लांब होती.

"लिखो," साहेब म्हणाला.

मास्तरांनी लिहिलं. वतन, मकल्ला. शेऱ्याच्या रकान्यात साहेबानं सांगितल्याप्रमाणं, सबूत, घरातली तस्वीर.

उद्या सकाळी एकट्यात साहेबाला समजावून सांगू, असं त्यांनी ठरवलं. सकाळी गेले तर साहेब चहा पीत होता. दुपारी गेले तर जेवत होता. दुसऱ्या दिवशी चावडीच्या पायरीपर्यंत जाऊन मास्तर परत फिरले, कारण तिथं चारचौघं बसले होते. तिसऱ्या दिवशी मुनवरला आणि इतरांना घेऊन ट्रक निघून गेला. आधी कॅम्पात ठेवणार, मग मुंबईहून जहाजानं मकल्ल्याला, असं नंतर कळलं.

आणि मग एप्रिलात ते पत्र आलं. लिपी उर्दू, भाषा नळदुर्गची.

मास्तरांना ते आता पाठच होतं, तरी त्या सोमवारी दुपारी वही उघडून ते पुन्हा पत्राकडं बघत बसले होते. तेवढ्यात अंगणातून शांताक्काचा आवाज आला, "या बाई, या. आज बाजार न्हाय, मग अशा कशा आलात?"

हसीनाबी आली होती. मुनवरची बायको. मुनवर गेल्यापासून दर बाजारच्या दिवशी ती येत असे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून टपाल मास्तरांच्या पत्त्यावर यायचं ठरलेलं. ती उंबऱ्याशी उभी राहून एकच विचारी, "मास्तर, कागद आला का हो?" आणि मास्तर म्हणत, "नाही भाभी." पहिल्यांदा ते 'नाही' तोंडातून निघून गेलं होतं. पत्र वाचून दाखवायचं तर चौकटीतली अक्षरं आली, चावडीतला टाक आला. आधी स्वतःशी जुळवाजुळव करू, मग सांगू, म्हणून एक आठवडा. मग आधीचं 'नाही' कसं फिरवायचं म्हणून दुसरा. असे बत्तीस-तेहेतीस बाजार गेले.

आज तिच्या काखेत सतरंजीत गुंडाळलेलं काही तरी चौकोनी होतं. हातात बांगड्या नव्हत्या. शांताक्काला ते आधी दिसलं. ती सूप तसंच ठेवून उठली.

"काय झालं ओ बाई?"

"काय व्हायचं राहिलंय आक्का," हसीनाबी ओसरीवर टेकली. "सोलापूरचा भाऊ आला होता. म्हणला, वर्ष होत आलं, एक कागद न्हाय. जिता असता तर लिवलं नसतं व्हय? बोलका माणूस. बत्तीची जाळी फुटली तरी चार गावांत सांगणारा. म्हणला, दर्या हाय, जहाजं बुडत्यात. मौलवीसायबाला विचारलं. जुम्म्याला फातेहा दिली त्याच्या नावानं."

मास्तर दारात उभे होते. वही त्यांच्या हातातच होती.

"उद्यापास्नं इद्दतीला बसायचं," हसीनाबी म्हणाली. "चार महिने धा दिवस उंबरा वलांडायचा न्हाय. त्याच्या आधी तुमच्याकडं येऊन जावं म्हणलं. ही तसबीर तुमी ठिवून घ्या मास्तर. भाऊ म्हणतो, भंगारवाल्याला दे. मला भिंतीवर बघवत न्हाय, आन् द्याया हात होत न्हाय. तुमचा लई जीव होता त्याच्यावर."

तिनं सतरंजी उलगडली. दोन काळे खडक, दोन किल्ले, मधे ते सायीसारखं पाणी. तिनं पदरानं काच पुसली.

मास्तरांना वाटलं, अजूनही गप्प राहता येईल. ती आज घरी जाईल, उद्यापासून बाहेर पडणार नाही, आणि कुणालाच काही कळणार नाही. हा विचार इतका स्पष्ट मनात आला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"भाभी, इद्दतीला बसू नका," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की शांताक्कानं "आँ?" केलं.

"मुनवर गेला नाही. म्हणजे, एप्रिलात तरी होता. पत्र आलंय."

"आज आलं?" हसीनाबी उठून उभी राहिली.

"आज नाही. एप्रिलात आलं. मी सांगितलं नाही."

शेजारी कुठंतरी जातं चालू होतं, तेवढाच आवाज.

"अण्णा," शांताक्का म्हणाली, "आठ महिने माझ्या हातची भाकरी खाल्ली तुमी. ही बाई दारात यायची, मी ताक द्यायची, तुमी न्हाय म्हणायचा. आन् कागद त्या वहीत? त्या सवतीत?"

मास्तरांनी मान खाली घातली. हसीनाबी मात्र त्यांच्याकडं बघत नव्हती. ती वहीकडं बघत होती.

"वाचा," ती म्हणाली.

मास्तरांनी वाचलं.

'गुरुलिंग मास्तरांस मुनवरचा सलाम. म्या जिता हाय. हसीनाला सांगा, खोकला कमी हाय. मास्तर, साहेबानं उर्दूतलं वतन विचारलं आन् म्या मराठीतलं सांगितलं. जिभेला हाड न्हाय माझ्या. तुमच्यावर माझा राग न्हाय, जे सांगितलं तेच तुमी लिवलं. इथं माझं बोलणं कुणाला कळत न्हाय. मला हिंदी म्हणत्यात, हिंदुस्थानातला म्हणून. मास्तर, एक इपरीत झालंय. हे मकल्ला तसबिरीतलं मकल्ला न्हाय. डोंगर हाय, बुरूज बी हायत, पण आपले न्हाईत. दोन खडक, दोन किल्ले असं एका खलाशाला सांगितलं, तर हसला. म्हणला, हे तर मस्कत. हितनं लई दूर. ज्या तसबिरीपायी मला हितं धाडलं, ती हितली न्हायच. तुमी काच बसवली होती, तुमाला फिरंगी येतं. आत कोपऱ्यात काय लिवलंय का तेवढं बघा. आन् हितल्या कचेरीत म्हणत्यात, ज्यानं फॉर्म भरला त्याच्या हातचं दुरुस्तीचं पत्र आण, मग बघू. ते धाडा. रमजानच्या ईदीपर्यंत वाट बघतो. न्हाय आलं तर समजीन, तिकडं कुणी राहिलं न्हाय. झांजिबारला जाणाऱ्या गलबतावर बत्तीवाला पाहिजे म्हणत्यात. त्यावर जाईन.'

हसीनाबीनं बोटांवर मोजलं. ईद होऊन साडेचार महिने झाले होते.

"पुन्ना वाचा. खोकल्याचं."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"आन् कोपऱ्यातलं?" तिनं विचारलं. "काय लिवलंय का?"

"लिहिलंय. मस्कत."

"उकला की मग चौकट. बघू."

"बघायला नको भाभी. मला माहीत होतं. काच बसवली तेव्हाच मी वाचलं होतं." मास्तर ओसरीवर बसले. "आणि चावडीत तो वतन म्हणाला तेव्हाही मला कळलं होतं. मी बोललो नाही."

"का?"

बावीस वर्षं शब्द गोळा करणाऱ्या माणसाला या एका अक्षराचं उत्तर सापडेना. साहेबाची भीती? होती, पण साहेब काही मारायला उठला नव्हता. चारचौघांत बोलायची लाज? ते सांगितलं तर ऐकणाऱ्यालाच लाज वाटेल.

"सवय नव्हती," ते शेवटी म्हणाले.

हसीनाबीनं तसबीर उचलून भिंतीला टेकवली आणि त्या बुरुजावरच्या डागाकडं बघत म्हणाली, "ह्याच्याम्होरं रोज सलाम करायला लावायचा मला. आजेसासरे म्हणून." ती हसली की रडली ते मास्तरांना कळलं नाही. शांताक्का तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचा उघडा हात आपल्या हातात घेऊन राहिली.

"लिवा मास्तर," हसीनाबी म्हणाली. "आत्ता. म्या हितंच बसते. लिवून झाल्याबिगर उठत न्हाय."

मास्तरांनी दौत आणली. आठ महिने मनात घोळवलेली सुरुवात, मधली स्पष्टीकरणं, शेवटची क्षमायाचना, यातलं एकही वाक्य हाताशी येईना. त्यांनी आधी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, कचेरीसाठी, उर्दूत. मी गुरुलिंग शिवप्पा, निवृत्त शिक्षक, राहणार नळदुर्ग, फॉर्म माझ्या हातचा आहे. मराठीत वतन म्हणजे हक्काची जमीन, वंशाचं काम. मुनवर त्या अर्थानं बोलला. उर्दूच्या अर्थानं त्याचं वतन नळदुर्ग. शेऱ्यातली तसबीर मकल्ल्याची नाही, मस्कतची आहे, तिच्यावर तसं लिहिलेलं आहे. या दोन्ही गोष्टी लिहिणाऱ्याला त्याच वेळी माहीत होत्या. खाली सही केली. सही करताना हात थांबला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

मग मुनवरला चार ओळी. पत्र एप्रिलात मिळालं. मी दडवलं. चूक माझी.

"माझं काय लिवता?" हसीनाबी म्हणाली.

"काय लिहू?"

तिनं विचार केला. "लिवा, फातेहा दिली त्याची माफी. आन् लिवा, हसीना इद्दतीला बसली न्हाय."

"बस?"

"बस. तो बोलका हाय, म्या न्हाय."

परमुलखाचं टपाल सोलापूरहून टाकलेलं बरं, इथून गेलं तर कुठं अडकेल सांगता येत नाही, असं टपालातल्या गुंडप्पानं सांगितलं. पाकिटावरचं गाव त्यानं दोनदा वाचलं. "मास्तर, एप्रिलच्या कागदाला आता जबाब? तो माणूस तिथं असंल तरी का?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं ते सोलापूरला निघाले. हसीनाबीही आली. तुम्ही कशाला, म्हणून विचारायची मास्तरांना हिंमत झाली नाही. कशाला ते उघड होतं. तिचा आता त्यांच्या हातावर विश्वास नव्हता. सबंध वाटेत पाकीट तिच्याच मांडीवर होतं आणि त्यावर तिचे दोन्ही तळहात. मास्तर खिडकीतून मागं जाणारी ज्वारीची शेतं बघत होते. एकदा त्यांना वाटलं, काही तरी बोलावं, मुनवर हुशार आहे, थांबला असेल, असं काही. पण ते त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं सांगायचा हक्क आपल्याला राहिलेला नाही असं वाटून ते गप्प राहिले.

सोलापूरच्या टपाल कचेरीत गर्दी होती. खिडकीवरच्या माणसानं पाकीट तोललं, स्टँप लावले आणि बाहेरच्या लाल पेटीकडं बोट केलं. मास्तरांनी पाकीट हसीनाबीकडून घेतलं. आधी तिनं ते सोडलंच नाही, मग सोडलं.

त्यांनी ते पेटीच्या तोंडात सारलं आणि बोटं आत तशीच ठेवून क्षणभर थांबले.

"पडलं का?" तिनं विचारलं.

"पडलं," मास्तर म्हणाले.

तिनं वाकून पेटीच्या तोंडात बघितलं. आत अंधार होता. मग ती सरळ झाली आणि मोटारस्टँडच्या दिशेनं चालायला लागली.

मास्तर तिच्या मागून निघाले.